पुलापलीकडची मिस्सा

प्रिय बाळा,
जय ख्रिस्त.

सौदीतल्या दम्मामच्या खोलीत बसून तू मोबाइलवर रोझरी, म्हणजे आपली जपमाळेची प्रार्थना म्हणतोस, वसईच्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे फादर वेदीवर करतात तो उपासनाविधी पाहतोस. ही भक्ती खरी, की नुसतंच बघणं, असं तू विचारलंस.

रोझरीचं मी छातीठोकपणे सांगतो, ती खरीच. तिला वेदी लागत नाही. मे महिन्यात आळीतल्या क्रुसापुढे आपण जमायचो, तेव्हा तरी दररोज फादर कुठे असायचे? फक्त कॉलवर सगळे एकदम बोलू लागले, की आवाज मागेपुढे होतात आणि एकाचं ‘आमेन’ दुसऱ्याच्या अर्ध्या प्रार्थनेवर येऊन पडतं. म्हणून एकानं पुढाकार घ्यावा, बाकीच्यांनी माइक बंद करून मोठ्यानं म्हणावं. आपल्याकडे साडेसात, म्हणजे तुझ्याकडे पाच. माळ हातात घे, गुडघे टेक. आडवं पडून ऐकलीस तर ती रेडिओवरची गाणीच होतील.

मिस्सेचं मात्र तसं नाही. २०२० च्या पवित्र आठवड्यात चर्च बंद होतं. आम्ही लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवून मिस्सा पाहिली. सगळी उत्तरं दिली, गुडघे टेकले. कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर हातावर घेण्याची वेळ आली आणि तुझ्या काकूचे हात सवयीनं पुढे झाले, डावा तळवा उजव्यावर. तळव्यावर काहीच पडलं नाही. ती कितीतरी वेळ हात तसेच धरून बसली होती. आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे भाकर न मिळता मनानंच ख्रिस्ताला बोलावण्याची प्रार्थना आम्ही त्या दिवशी म्हटली, ती मनापासून होती, आणि देवानं ती घेतली यावर माझा विश्वास आहे. पण त्या रिकाम्या तळव्यानं मला जे शिकवलं, ते मी धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकी वर्षं शिकवूनही शिकलो नव्हतो. इंटरनेटवर कम्युनियनसारखे चर्चचे संस्कार नाहीत, असं व्हॅटिकननं २००२ सालीच स्पष्ट लिहिलंय. फोनवर कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुलीही होत नाही ते याचसाठी.

असिसीच्या मठातली संत क्लारा तुला आठवते? १२५२ च्या नाताळात ती आजारानं अंथरुणाला खिळली होती. चर्चमधली मिस्सा तिला तिच्या खोलीत दिसली आणि ऐकू आली, असं सांगतात. म्हणूनच १९५८ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती ठरवलं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते तिचं आजारपण. उठता आलं असतं, तर ती मठातल्या बाकीच्या सिस्टरांबरोबरच गेली असती.

सौदीत चर्च नाही, त्यामुळे तूही रोजच्या दिवशी तिच्यासारखाच अडकलेला आहेस. तुझ्या मोबाइलवरच्या मिस्सेला मी कधीच कमी लेखणार नाही. पण तुझ्यापासून जवळच समुद्रावरचा सुमारे २५ किलोमीटरचा पूल आहे आणि पलीकडे बहारीन. मनामात सेक्रेड हार्ट चर्च आहे, अवालीत २०२१ च्या डिसेंबरमध्ये अभिषेक झालेलं आवर लेडी ऑफ अरेबिया कॅथेड्रल आहे. शुक्रवारीही मिस्सा असते. दर आठवड्याला जमणार नाही, खर्चही आहे, मला कळतं. पण नाताळच्या आधी एकदा आणि ईस्टरच्या आधी एकदा तरी जा.

वेळा आधी विचारून घे, कन्फेशनला सवड मिळेल असा पोच. कधी जाणार ते मला कळव. त्या दिवशी साडेसातच्या रोझरीला तुझी वाट पाहू नका, असं मी आईला सांगून ठेवतो.

तुझे सर