टाइल्सच्या उघड्या कडा आणि मिस्त्रीचं पांढरं सिमेंट

भाऊ, फोटो पाहिले. दारव्ह्याकडचं काळ्या मातीतलं घर, ओट्यावर दोन फूट डॅडो (भिंतीवरच्या टाइल्सचा पट्टा) लागलेला, फ्रिजच्या बाजूची उभी कड उघडी, वरची कड भिंतीच्या पाऊण इंच पुढे आलेली आणि खिडकीची बाजू अजून बाकी. मिस्त्री म्हणतो, ‘काई होत नाई भाऊ, पांढरं शिमिट भरून देतो न मी.’ दुकानदारानं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दाखवली. तुम्ही विचारता, ऐकायचं कोणाचं? वरच्या कडेपुरतं मिस्त्रीचं बरोबर आहे. ओट्याच्या सांध्यात मात्र पांढरं सिमेंट अजिबात भरू देऊ नका. आणि फ्रिजकडच्या कडेसाठी लागणारा माल बहुतेक तुमच्या अंगणातच पडला असेल.

कड अशी ओबडधोबड दिसते कारण अख्खी टाइल आतल्या कोपऱ्यापासून सुरू केली आणि कापलेला तुकडा बाहेरच्या टोकाला आला. करायचं असतं उलटं. कारखान्यातून आलेली कड सरळ असते आणि चकाकी अगदी काठापर्यंत असते. कापलेल्या कडेला आतली माती दिसते, चकाकीचे टवके उडतात. तो तुकडा आतल्या कोपऱ्यात गेला की दुसऱ्या भिंतीच्या टाइलखाली त्याची कड झाकली जाते. खिडकीची बाजू लावताना मिस्त्रीला एवढं आधीच सांगा. माल कालवून झाल्यावर सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

आता दुकानातली पट्टी. ती एल आकाराची असते. तिचा जाळीदार पाय टाइलच्या मागे, टाइल चिकटवायच्या केमिकलमध्ये दाबून बसवावा लागतो, म्हणजे टाइलच्या आधी पट्टी. तुमच्याकडे टाइल लागून गेली. शिवाय ती पट्टी 8, 10, 12 मिलिमीटरच्या हिशेबात मिळते. सपाट प्लास्टरवर पातळ थर देऊन टाइल चिकटवली तर बरोबर बसते. आपल्याकडे रेती-सिमेंटचा जाड माल मारून टाइल ठोकतात, तिथं ती निम्म्यातच संपते. वरून चिकटवायची प्लास्टिकची पट्टी मिळते, पण शेगडीजवळ ती वाकडी होते. 45 अंशात घासून कडेला कड जुळवायचा कोणी सल्ला देईल. साध्या सिरॅमिक टाइलला ते करू नका. सुरीसारखी पातळ धार उरते आणि पहिलं गंज, म्हणजे पातेलं, लागलं की टवका जातो.

तुमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे. सिंकसाठी खाच कापली तेव्हा मधला तुकडा निघाला असणार. तो बहुतेक घरी कपडे धुवायला वापरतात नाहीतर मोरीजवळ टाकून देतात. 24 × 18 इंचांच्या सिंकमधून साधारण पावणेदोन फुटांहून जास्त लांबीचा तुकडा निघतो. त्यातून दोन इंच रुंदीची पट्टी कापून घ्या. ग्रॅनाइटची जाडी 16 ते 18 मिलिमीटर, आणि तुमची टाइल भिंतीच्या पुढे आली आहे पाऊण इंच, म्हणजे जवळपास तेवढीच. पट्टी टाइलला खेटून भिंतीवर उभी, सपाट टेकवली की दोन्ही एका पातळीत येतात आणि कापलेली कड पूर्ण झाकली जाते. पट्टीची बाहेरची कड घासून पॉलिश करायला सांगा, धार मोडलेली हवी. याचे पैसे रनिंग फुटावर (लांबीच्या फुटामागे) लागतात, तुमचं काम दोन फुटांचं आहे. लांबीला एक-दोन इंच कमी पडले तर तो छोटा तुकडा खाली ओट्याजवळ लावा, नजरेच्या उंचीवर जोड नको.

पट्टीखाली पुट्टी किंवा रंग राहू देऊ नका. छिन्नीनं प्लास्टर लागेपर्यंत खरवडा, धूळ झाडा, मग केमिकल लावून दाबा. रात्रभर मास्किंग टेपनं आवळून ठेवा, खालून आधार द्या. रंगावर चिकटवलेली पट्टी रंगासकट उतरते.

वरच्या कडेला एवढा खटाटोप नको. पांढरं सिमेंट किंवा पुट्टी भरून तिरपा उतार काढा आणि भिंतीचा रंग त्यावरून न्या. सपाट सोडली तर तिच्यावर तेलकट धूळ बसते. तसं पाहिलं तर अनेक घरांत त्याच पाऊण इंचावर आगपेटी आणि चिमटा विसावलेला दिसतो. म्हणून उतार काढायच्या आधी घरात सैपाक करणाऱ्याला विचारून घ्या.

खरा घोळ ओटा आणि टाइल जिथे भेटतात त्या सांध्याचा. तुमचे फोटो पाहून मला काळजी तिथलीच वाटली. काळी माती वैशाखात भेगाळते आणि मृगाचा पाऊस लागला की फुगते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंत थोडी का होईना हलते. ओटा वेगळ्या आधारावर उभा, भिंत वेगळी, दोघं सारखे हलत नाहीत. मधे कडक सिमेंट असलं की केसासारखी भेग पडते, बहुतेक पहिल्याच पावसाळ्यात. मग भांडी घासतानाचं पाणी त्यातून मागे जातं, मुंग्यांची रांग लागते, खाली प्लायची ट्रॉली असेल तर ती फुगते. पिवळेपणा वेगळाच. सोयाबीनचं किंवा जवसाचं तेल उडून वाळलं की त्याचा चिकट थर होतो, आणि पांढऱ्या सिमेंटच्या रेघेतून तो कितीही घासला तरी निघत नाही.

म्हणून टाइल्समधल्या रेघा ग्राउटनं, म्हणजे सांधे भरायच्या तयार मिश्रणानं भरा, शेगडीमागच्या जमल्यास इपॉक्सी ग्राउटनं. पण ओट्याला लागून 2-3 मिलिमीटरची फट मोकळी ठेवा. मिस्त्रीनं भरलीच असेल तर एक्सा (लोखंड कापायच्या) ब्लेडनं खरवडून काढा, ब्रशनं झाडा आणि पूर्ण वाळू द्या. मग सिलिकॉन. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा. स्वस्तातल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते दगडावर डाग पाडू शकतं. फटीच्या वर आणि खाली मास्किंग टेप, एकसारखी धार सोडायची, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवायचं, आणि ओलं असतानाच टेप ओढून काढायची. वाळल्यावर ओढली तर कडा फाटतात. 24 तास सिंकचं पाणी तिकडे जाऊ देऊ नका. दोन भिंतींच्या आतल्या उभ्या कोपऱ्यालाही हेच. जिथे वरून रंग द्यायचा आहे तिथे मात्र सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. तिथे अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या.

हे काम मे महिन्यात काढत असाल तर ग्राउट उन्हं कलल्यावर भरायला सांगा आणि नंतर दोन-तीन दिवस ओल्या फडक्यानं पुसत राहा. 45 अंशात तापलेली भिंत त्यातलं पाणी ओढून घेते आणि ग्राउट भुसभुशीत राहतं.

राहिली खिडकी. तिथे टाइल आत वळवत बसू नका. त्याच ग्रॅनाइटच्या किंवा कडप्प्याच्या पट्ट्यांची चौकट करा आणि टाइल तिला येऊन टेकू द्या. खालची पट्टी ओट्याकडे किंचित उतरती, टाइलच्या अर्धा इंच पुढे. फोटोत मच्छरजाळीचा पल्ला आत उघडणारा दिसतो. पट्टी चिकटवायच्या आधी दगड नुसता ठेवून पल्ला पूर्ण उघडून पाहा. अडत असेल तर पल्ला सुताराकडून खालून तेवढा रंधून घ्या, दगड बसल्यावर ते जमत नाही.