ग्रुप सोडायची घाई करू नकोस

प्रिय बाय,

निकालाच्या रात्री तू वाडीच्या ग्रुपवर जे लिहिलंस, ते माझ्यापर्यंत दोन तासांत पोचलं. मी त्या ग्रुपवर नाही. यावरून काय ते समज.

‘खालच्या वाडीने पैसे खाऊन मत दिलं’ हे तू बूथच्या आकड्यावरून ठरवलंस. आकडा खरा असेल. मतमोजणीला बसलेली आपली माणसं प्रत्येक यंत्राचे आकडे टिपून आणतात, आणि पुढे फॉर्म 20 मध्ये, म्हणजे निकालाच्या सरकारी तक्त्यात, ते कुणालाही बघता येतात. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांवरची मतं एकत्र मिसळून मोजायची सोय तरी होती. यंत्रांचे आकडे एकत्र करणारं टोटलायझर निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलं, ते अजून आलेलं नाही. शहरात तरीही मत गुप्त राहतं, पण आपल्याकडे एका केंद्रावर तीन-चार वाड्या असल्या की गावकीत लगेच बोटं दाखवली जातात. हरलेला उमेदवार हेच करतो, जिंकलेलाही करतो. पाणीयोजना कुठल्या वाडीपर्यंत न्यायची हे तो त्या तक्त्यावरून ठरवतो. तू तोच तक्ता हातात घेऊन त्यांच्याच रांगेत उभी राहिलीस, याचं मला वाईट वाटलं.

खालच्या वाडीशिवाय तुझं भागणार आहे का? नाणारच्या रिफायनरीसाठी जमीन घ्यायची अधिसूचना 2019 च्या लोकसभेच्या तोंडावर रद्द झाली, तेव्हा गुलाल उधळला गेला. पुढे तीच रिफायनरी बारसूचं नाव घेऊन आली. 2023 च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर उन्हात ज्या बायका बसल्या होत्या, त्या सगळ्यांनी एकाच चिन्हाचं बटण दाबलं असेल असं तुला वाटतं? माणूस पक्षाला मत देतो त्याला दहा कारणं असतात. मुलाची नोकरी, भावकीतला उमेदवार, मुंबईच्या मंडळाचा निरोप. जमिनीचा प्रश्न आला की तोच माणूस तुझ्या शेजारी येऊन बसू शकतो, तू त्याला ग्रुपवर चोर म्हटलं नसशील तर.

आता फोनचं. ‘व्हॉट्सॲप फुटतं, सगळ्यांना सिग्नलवर घेऊया’ असं तू लिहितेस. घ्या, माझी ना नाही. पण तुझा मेसेज कुणी वाटेत फोडला नाही. व्हॉट्सॲपवरही 2016 पासून मजकूर कुलूपबंदच जातो. तो फुटला तुमच्यातल्याच कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमुळे, आणि दीडशे माणसांचा ग्रुप सिग्नलवर नेलास तरी स्क्रीनशॉट निघायचाच. गावच्या विहिरीवर बोलल्यासारखंच आहे ते. दोन ग्रुप ठेव. मोठ्यावर फक्त सभेची वेळ आणि जाहीर निवेदनं. आतल्या कामाचा ग्रुप सात-आठ जणांचा, ज्यांच्या घरी तू जेवली आहेस अशांचा. तो सिग्नलवर असू दे. तिथे 2024 पासून नंबर न दाखवता नुसत्या युजरनेमने बोलता येतं, हे बाहेरून माहिती देणाऱ्यांसाठी बरं. टेलिग्रामचे ग्रुप सुरक्षित आहेत असं मुलं म्हणतात, ते चुकीचं आहे. त्यातली ‘सीक्रेट चॅट’ तेवढी खरी कुलूपबंद, आणि ती दोघांपुरतीच असते.

व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांना एक सांग. मेसेज कुलूपबंद असले तरी त्यांचा बॅकअप आपोआप तसा नसतो. त्याचं सेटिंग वेगळं आहे, ते स्वतः चालू करावं लागतं. बोटाच्या ठशाऐवजी लांब पिन लाव. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद कर. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये कुठला अनोळखी संगणक जोडलेला दिसतो का, ते अधूनमधून बघ. तालुक्याच्या सायबर कॅफेत व्हॉट्सॲप उघडं ठेवून येणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण आधी लपवायचं काय ते ठरव. तुमचं मत लपवायचं नाही. ग्रामसभेचा ठराव, प्रांताकडे दिलेली हरकत, तिच्यावरची पोच, हे सगळं चव्हाट्यावर असू दे, त्याचे फोटो सगळीकडे फिरू देत. लपवायची ती माणसं. सातबाऱ्यावरच्या कुठल्या सहहिस्सेदाराने संमतिपत्रावर सही द्यायला नकार दिलाय, कुठली विधवा दिरांच्या दबावाखाली आहे, कार्यालयातला कोण तुम्हाला आधी कळवतो. ही नावं कुठल्याही ग्रुपवर लिहायची नाहीत, सिग्नलवरही नाहीत. ती बोलायची, तीही गाडीत किंवा हॉटेलात नव्हे.

आपोआप पुसले जाणारे मेसेज आतल्या ग्रुपला लाव, पण धमकी आली तर ती पुसू देऊ नकोस. मूळ फोनमध्येच राहू दे. नुसत्या फॉरवर्ड केलेल्या चित्राला पुराव्याची किंमत फारशी नसते. निकालानंतर कुणा घराला देवळातल्या मानातून काढलं, दुकानात माल नाकारला, तर तो गावकीचा घरगुती मामला नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. रायगडातली माणसं वर्षानुवर्षं हे सोसत आली, तेव्हा कुठे तो झाला.

आणखी एक, हे लिहिताना हात जड होतो. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या अंगावर गाडी घातली गेली. ते रिफायनरीबद्दल लिहीत होते. त्या प्रकरणात खुनाचा गुन्हा नोंदला गेला. अशा वेळी फोनमधलं कुठलंही कुलूप उपयोगाचं नाही. रात्री सड्यावरून एकटी स्कूटर काढू नकोस. कुठे निघालीस आणि कधी पोचणार, हे घरच्यांपैकी एकाला आणि बाहेरच्या एकाला ठाऊक असू दे.

तो मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट गावभर झालेत. त्याखालीच लिही की बूथवर चार वाड्यांची मतं होती आणि मी एका वाडीचं नाव घ्यायला नको होतं. मग खालच्या वाडीत स्वतः जा. पहिल्या दोन घरांत चहाही मिळणार नाही, तरी तिसऱ्यात जा.

सिग्नल टाकलंस की रविवारी इकडे ये. त्यातला आपल्या दोघींचा सुरक्षा क्रमांक समोरासमोर ताडून घेऊ, म्हणजे मधे तिसरं कुणी नाही याची खात्री होईल. दुपारी ये, सकाळी इथे रेंज नसते.

तुझी,
मावशी