घोरणं ऐकून निर्धास्त राहू नका

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीतला २३ वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन जेमतेम १५ दिवस झाले होते. रात्री जोरात घोरत होता, म्हणून घरच्यांनी उठवलं नाही. आम्हा तरुणांना जनजागृतीचा कार्यक्रम करायचाय. काय सांगावं?

उत्तर : तातडीच्या विभागात मी २६ वर्षं परिचारिका होते. ‘आम्हाला वाटलं, झोपलाय’ हे किती आयांच्या तोंडून ऐकलं! त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमची सुरुवात इथूनच होऊ द्या.

हेरॉइन, मॉर्फीन, फेंटानिल ही अफूच्या जातीची द्रव्यं मेंदूतलं श्वासाचं केंद्रच मंद करतात. श्वास विरळ होतो, घशात घरघर लागते, ओठ आणि नखं निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मूठ घासूनही माणूस जागा होत नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. श्वास थांबत असेल तर तोंडाने श्वास द्या. ओकारी काढू नका, थंड पाण्याखाली धरू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात.

नालोक्सोन नावाचं औषध नाकात फवारलं किंवा टोचलं की काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. ते घरच्यांच्या आणि मित्रांच्या हाताशी असावं, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच दिलाय. मात्र त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि नशा पुन्हा चढू शकते. डोळे उघडले तरी रुग्णालय चुकवू नका.

आता ते १५ दिवस. नशा सुटली की शरीराची सवय मोडते, आणि पूर्वी पचणारी मात्राच जीव घेते. घरचे निश्चिंत होतात ते नेमके याच दिवसांत. जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका आणखी वाढतो.

कवट्यांची पोस्टर लावू नका, कळकळीने सांगते. एका मुलाला त्याचे मित्र आमच्या दारात टाकून पळाले होते. काय घेतलं, केव्हा घेतलं, सांगायला कुणी नव्हतं. भीतीने माणसं पळतात. त्यापेक्षा चटई अंथरा आणि प्रत्येकाला एकमेकांना कुशीवर वळवायला लावा. व्यसनातून बाहेर आलेल्या कुणाला तरी बोलतं करा. ३१ ऑगस्ट हा अतिमात्रेविषयीच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे, २००१ पासून पाळला जातो; तो निवडता येईल. त्या मुलाचं नाव मात्र त्याच्या आईला विचारूनच घ्या.