फ्रान्सिस विलार्ड कोण होत्या? पंडिता रमाबाईंशी त्यांचा काय संबंध?

अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी. जन्म 1839 चा, पेशा शिक्षिकेचा. 1879 पासून 1898 मध्ये मरेपर्यंत तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेच्या अध्यक्षा. बाई एका जागी टिकत नसत: आगगाडी, सभा, भाषण, पुन्हा आगगाडी. सोबत सेक्रेटरी अ‍ॅना गॉर्डन. नवऱ्याची दारू बायकापोरांच्या मुळावर येते, म्हणून घर राखायला बायकांना मत हवं, असा त्यांचा सरळ हिशोब.

मला भावतो तो त्यांचा सायकलचा किस्सा. त्रेपन्नाव्या वर्षी, आईच्या निधनानंतर तब्येत ढासळलेली असताना, त्या सायकल शिकल्या. सायकलचं नावही ठेवलं, 'ग्लॅडिस'! त्यावर 1895 मध्ये छोटं पुस्तक लिहिलं.

पण सगळंच गोड नाही. कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांबाबत त्यांनी जे बोललं-लिहिलं, त्यावरून कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी त्यांना चांगलंच धारेवर धरलं, आणि माझ्या मते ते रास्तच होतं.

रमाबाई अमेरिकेत असताना दोघींची गाठ पडली. 1889 च्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात रमाबाईंनी विलार्डबाईंच्या मद्यपानविरोधी संघटनेबद्दल कौतुकाने लिहिलंय. जुनी मराठी वाचायची तयारी असेल तर तेच आधी हातात घ्या.