आबाजींवर गेलेल्या लेकाला

प्रिय बाळा,

पोळ्याच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर गावाकडचे सगळे एकदम बोलत होते आणि तू कडेला अर्धाच दिसत होतास. आजी म्हणाली, "हा तं आबाजीवरच गेला." मागून काका-काकूंनी री ओढली. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आबाजी गेल्यापासून घरात त्यांचं नाव इतक्या सहज कुणी घेत नाही. पण रात्री तू विचारलंस, "आबाजी शेवटपर्यंत तसेच बुजरे होते ना? मग मीही आयुष्यभर असाच राहणार का?"

तेव्हापासून ते मनातून जात नाही. मी ज्याला माया समजत होते, ते तुला निकालासारखं ऐकू आलं. म्हणून लिहून देतेय. हवं तेव्हा, हवं तेवढं वाच. एखादा शब्द अडला तर विचार.

आधी तुझे आबाजी, म्हणजे माझे वडील. तू त्यांना खाटेवरच पाहिलंस. माझ्या आठवणीतले आबाजी दारव्ह्याजवळच्या आपल्या वावरातले. गर्दी त्यांना सोसायची नाही. लग्नाच्या पंगतीत ते बसायचेच नाहीत, वरणाची बादली घेऊन वाढत राहायचे, कारण वाढणाऱ्याला कुणी बोलत थांबवत नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले आणि पोरं झडत्या म्हणायला लागली की ते बैलांच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभे राहायचे. आदल्या संध्याकाळची खांदशेकणी मात्र त्यांची. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" हे सगळेच म्हणतात. ते म्हणायचे तेव्हा खरोखर एखाद्या पाहुण्याला बोलावताहेत असं वाटायचं.

आणि जागल. पीक हाती यायच्या दिवसांत रानडुकरं आणि रोही येतात, म्हणून रात्रभर वावरात कुणीतरी राहावं लागतं. एकट्यानं रात्र काढायला फारसं कुणी तयार नसायचं. आबाजी आपणहून जायचे. डुकरं कोणत्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शिरली ते त्यांना मचाणावर बसून आवाजावरून कळायचं. दिवसा चार माणसांत ज्या कानांना गोंगाट सहन होत नव्हता, तेच कान रात्री सगळ्या शिवाराच्या कामाचे होते.

मीही त्यांच्यावरच गेले, असं सगळे म्हणायचे. कापसाच्या हंगामात आपल्या घरातली एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असायची. पाहुणे आले की मी त्या खोलीत जाऊन बसायचे. तिथं बाहेरचे आवाज दबून यायचे.

मोठीमाय तुला फोटोतूनच माहीत आहे, नऊवारीतली, हातात सूप घेतलेली. माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे आबाजींच्या थोरल्या भावाची, बायको. कुणी म्हटलं, "पोट्टी बापावर गेली", की ती "हो" म्हणायची आणि पुढं कामाला लागायची. ते काम काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. माझा भाऊ सकाळीच सुटायचा. मी बैलाला झूल घालून, शिंगांना बेगड लावून दारातच उभी. पहिल्या वर्षी मोठीमाय म्हणाली, "तीन घरं कर. आपलं, शेजारचं अन् तुह्या आत्याचं. बस." आणि स्वतः ओट्यावर उभी राहिली, मला दिसेल अशी. पुढच्या वर्षी तिनं आणखी घरं वाढवली. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत मी कधीच गेले नाही, आणि जायलाच पाहिजे असं तिनंही कधी म्हटलं नाही.

दिवाळीनंतर वेचणीलाही तसंच. बाया ओळीनं लागल्या की ती मला कडेची पात द्यायची. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला धुरा. म्हणजे बोलायचं झालं तर एकाच माणसाशी. मी कमरेला ओटी बांधून कापूस वेचत नुसती ऐकत राहायचे. बाया काय काय बोलायच्या! नवऱ्यांबद्दल, बाळंतपणाबद्दल, कुणाच्या मेलेल्या पोराबद्दल. हळूहळू मीही बोलायला लागले. कुणी "अरे वा, बोलली!" असं केलं नाही, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

तुझा प्रश्न आल्यावर मी रात्री बसून वाचत राहिले. हार्वर्डचे जेरोम केगन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, नाकाशी वेगळा वास धरला. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं, पाठ ताणायचं, रडायचं. अशी बाळं पुढं बुजरी होण्याची शक्यता जास्त होती. हे वाचताना मला तू आठवलास. तुझ्या जन्माला आजी इथं कॅल्गरीला आली होती. शेकशेगडी करता येत नाही याचं तिला फार वाईट वाटलं होतं, धुराचा अलार्म वाजला असता. पण तेल लावणं तिनं सोडलं नाही. टॉवेल जरा गार लागला तरी तू अंग ताणून रडायचास. ती म्हणायची, "याची कातडी पातळ आहे", आणि टॉवेल आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची.

केगननी त्या मुलांना मोठं होईपर्यंत पाहिलं. त्यांतली थोडीच शेवटपर्यंत स्पष्टपणे भित्री राहिली. मात्र त्यांतून फार धीट, गर्दीत रमणारी मुलंही क्वचितच निघाली. म्हणजे मूळचं काहीतरी मागं राहतं, पण ते पुढचं सगळं ठरवत नाही. आणखी एक दिसलं. ज्या घरांत अशा बाळाला प्रत्येक छोट्या त्रासातून लगेच उचलून घेतलं जात नव्हतं, जरा थांबून त्याला पेलू दिलं जात होतं, तिथं भीती कमी झाली. मला थेट ओट्यावर उभी असलेली मोठीमाय दिसली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: आबाजी शेवटपर्यंत तसेच नव्हते. गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना व्हायची. माझ्या लहानपणी ते देवळाच्या बाहेर, चपलांपाशी उभं राहून ऐकायचे. माझं लग्न होईपर्यंत ते पुढच्या रांगेत बसून खंजिरी वाजवायला लागले होते. तेव्हाही बोलायचे थोडकंच, आणि प्रार्थना संपली की सगळ्यांच्या आधी उठायचे.

तू शाळेत 'पन्नास टक्के जनुकं' असं ऐकून आलास, ते कुठून येतं तेही सांगते. २०१५ मध्ये जुळ्या भावंडांवरच्या पन्नासेक वर्षांच्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली, जुळ्यांच्या एक कोटी चाळीस लाखांहून जास्त जोड्या. सरासरी आली ४९ टक्के. पण याचा अर्थ तुझा अर्धा भाग आबाजींचा आणि अर्धा आमचा, असा होत नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण अर्धा जन्मानं आलेल्या गोष्टींशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. एकट्या तुझ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

मॉन्ट्रियलला मायकल मीनी नावाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेलं कामही वाचलं. ज्या माद्या पिल्लांना जास्त चाटतात, त्यांची पिल्लं मोठेपणी ताण चांगला सोसतात. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्लं जास्त चाटणारीकडे वाढवली, तर तीही तशीच शांत होतात. चाटण्यानं जनुकं बदलत नाहीत, पण कोणतं जनुक किती काम करणार हे बदलतं. माणसाचं पोर म्हणजे उंदराचं पिल्लू नाही, हे मला माहीत आहे. तरी आजीचे तेलकट हात आठवल्याशिवाय राहिले नाहीत.

आता जे सांगायला जड जातं ते. 'कुणावर गेला' म्हणण्याची ही आपली रीत मला पूर्ण पटते असं नाही. माझ्या धाकट्या आत्याला सगळे 'पणजीवर गेली, तापट' म्हणायचे. एकदा ते ठरलं आणि मग तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. ती चिडली की पणजीचा राग. ती रडली की पणजीचं नाटक. लग्नानंतर माहेरी आली की ती भांडी आपटायची, तेव्हाही सगळे हेच म्हणत राहिले. तिला काय सोसावं लागत होतं, हे विचारायला कुणाला सुचलं नाही, कारण उत्तर आधीच तयार होतं. 'खाण तशी माती' म्हटलं की हात झटकता येतात. आपल्या लोकांनी हे फार केलंय, आणि मुलींच्या बाबतीत जास्त केलंय.

पण त्याच घरात दुसरंही घडलं. मी नववीत असताना कपाशीवर अळी पडली. फवारणीची उधारी वाढत गेली, जो थोडा कापूस विकला त्याचा चुकारा वेळेवर आला नाही. आबाजी गप्प झाले. ते गप्पच असायचे, त्यामुळे घरात कुणाला वेगळं काही वाटलं नाही. मलाही नाही. मोठीमायनं ओळखलं. ती मोठ्या बाबांना म्हणाली, "तो बैलाशी बोलून नाही राहिला." त्या रात्रीपासून मोठे बाबा जागलीला त्यांच्याबरोबर जायला लागले. काही विचारायचे नाहीत, सल्ला द्यायचे नाहीत, नुसते शेजारी झोपायचे. मग एक दिवस दोघं मिळून उधारीचा हिशेब घेऊन बसले. त्या वर्षांत आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत कशासाठी येत होतं, हे तू वाचलं आहेस. त्या रात्री मोठे बाबा गेले नसते तर, हा विचार मी कधी शेवटापर्यंत करू शकलेले नाही.

मोठीमायला आबाजींचा स्वभाव पुरता ठाऊक होता, म्हणूनच त्यांचं नेहमीचं गप्प असणं आणि हे गप्प होणं तिला वेगवेगळं दिसलं. स्वभाव ओळखायचा तो याच्यासाठी. आत्याच्या वाट्याला अशी नजर आली नाही. एकाच घरात, एकाच ओट्यावर हे दोन्ही झालं, आणि त्यातलं एकच तुला सांगावं असं मला वाटत नाही.

हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाहिलं. ज्यांच्या घरात गरिबी, भांडणं, आजारपण असं सगळंच होतं, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धड, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं माणूस होतं. ते आईबापच असेल असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, मास्तर, कुणीही. तिकडे वाड्यात अशी माणसं न शोधता मिळायची. इथं आपण तिघं, आणि रविवारचा कॉल. मला भीती वाटते ती तुझ्या बुजरेपणाची नाही, या कमी माणसांची वाटते. म्हणून शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे तू जातोस, श्वासाचे व्यायाम करतोस, याचं मला बरंच वाटतं. आजीला ते 'डॉक्टरकडे जाणं' वाटतं, तिला मी समजावेन. ते तुझं काम नाही.

उन्हाळ्यात गावी यायचं की नाही, हे तू ठरव. आलास तर कुणासमोर उभं राहून बोलून दाखवावं लागणार नाही, एवढं मी आधीच सांगून ठेवेन. तान्हा पोळा तोवर येणार नाही, वेचणीही नसेल. ऊन प्रचंड असेल. पण पहाटे काका वावरात जातात, त्यांना सोबत चालते आणि ते वाटेत बोलत नाहीत.

आणि कॉलवर पुन्हा कुणी तुला आबाजींवर ढकललं तर मी मध्ये बोलेन. तू कॅमेऱ्यासमोर यायलाच हवं असंही नाही.

पुढच्या रविवारी धाकटी आत्या बोलणार आहे. तुझी आत्याआजी. आबाजी तिचे थोरले भाऊ, तिनं त्यांना पोरवयात पाहिलंय. मी दार लावून घेईन, तुम्ही दोघंच बोला. आबाजी तुझ्या वयाचे असताना कसे होते ते तिला विचार. मी वर लिहिलंय त्यातलं बरंचसं ती खोडून काढेल. तिचंही ऐक.

तुझी,
आई