वेबसाइटवरचं ‘बीटा’ कधी काढायचं?

तुमचा प्रश्न असा: गोव्यातल्या डिचोली-साखळी भागातल्या होमस्टेंचं बुकिंग घेणारी वेबसाइट आणि अँड्रॉइड अ‍ॅप आहे. दोन वर्षं झाली तरी लोगोखाली ‘बीटा’ (म्हणजे अजून चाचणी चालू असल्याची खूण) आहेच. डेव्हलपर म्हणतो राहू दे, काही बिघडलं तर लोक सांभाळून घेतात. मग काढावं का?

काढा, पण आजच नको. आगाऊ रक्कम घेतलीत की समोरचा टेस्टर राहत नाही, गिऱ्हाईक होतो. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात मागतात. त्यात बीटाला सूट नाही.

जीमेलचा दाखला डेव्हलपरने दिला असेलच. १ एप्रिल २००४ ला आलेलं जीमेल जुलै २००९ पर्यंत बीटा होतं, हे खरं. पण ते का काढलं, हे सहसा कुणी सांगत नाही. पैसे देऊन सेवा घेणाऱ्या मोठ्या कंपन्या त्या शब्दाला बिचकत होत्या. ज्यांना त्याची सवय झाली होती त्यांच्यासाठी गूगलने तो लोगोवर परत लावायची सोयही दिली. म्हणजे तोवर ती निव्वळ शोभेची पाटी उरली होती.

अ‍ॅपच्या दुनियेत बीटाला निदान कुंपण असतं. अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणी-सेवेवरचं बिल्ड (चाचणीला दिलेली आवृत्ती) ९० दिवसांनी चालेनासं होतं आणि बाहेरचे टेस्टर १०,००० च्या वर घेता येत नाहीत. प्ले स्टोअरच्या इंटरनल टेस्टिंगला १०० जणांची मर्यादा आहे, आणि टेस्टरचा अभिप्राय जाहीर न होता फक्त डेव्हलपरकडे जातो. वेबसाइटवर यातलं काहीच नाही. लोगोखाली ‘बीटा’चं चित्र चिकटवलं की झालं बीटा, म्हणून ते तिथे वर्षानुवर्षं राहतं.

तेव्हा पाटी काढण्याआधी एक खरं बीटा करा: टेस्टरची यादी, शेवटची तारीख, आणि काय जमलं की संपलं हे आधीच लिहून ठेवलेलं. पंचवीस-तीस टेस्टर पुरेत, पण सगळे पणजीतले नकोत. सत्तरी तालुक्यात आतल्या गावांत, जिथे रेंज येते-जाते, तिथले पाच-सहा हवेतच. एक-दोन डिसोझा किंवा डिकॉस्टा घ्या. रोमनमध्ये या आडनावांत अपॉस्ट्रॉफी येते आणि कितीतरी फॉर्म ती नाकारतात. घर क्रमांकातल्या तिरक्या रेघेचंही तेच.

सगळ्यात जास्त वेळ पेमेंटला द्या, कारण तक्रारी तिथेच उगवतात. यूपीआयने पैसे भरताना माणूस ब्राउझरमधून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो. कमी रॅमच्या फोनवर तेवढ्यात ब्राउझर बंद पडतो, पैसे कापले जातात आणि तुमच्या पानाला पत्ताच नसतो. म्हणून बुकिंग पक्कं करण्याचा निर्णय पानावर न ठेवता पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेकडून) थेट सर्व्हरला येणाऱ्या वेबहुकवर, म्हणजे आपोआप येणाऱ्या संदेशावर ठेवा. तो वेबहुक कधी दोनदा येतो, तेव्हा पेमेंट आयडीवर डेटाबेसमध्ये युनिक अट (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याची) हवी. कधी तो येतच नाही, म्हणून अडकलेल्या बुकिंगची स्थिती दर काही मिनिटांनी गेटवेला विचारणारं काम चालू ठेवा. खोली १५ मिनिटं राखून ठेवत असाल आणि पैसे विसाव्या मिनिटाला आले, तर पुढे काय? खोली मोकळी असेल तर द्या, नसेल तर परतावा आपोआप सुटला पाहिजे. गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये हे सगळं नीट दिसत नाही, खऱ्या खात्यातून १-१ रुपयाचे व्यवहार करून बघा.

दुसरी चाचणी: दोन फोनवरून एकच खोली, एकाच तारखेला, एकाच क्षणी. दोघांनाही ‘बुकिंग झालं’ दिसलं तर कोड आधी शिल्लक तपासतो आणि नंतर लिहितो, मधल्या फटीत दुसरा शिरतो. खोली आणि तारीख या जोडीवर युनिक अट घातली की डेटाबेसच दुसऱ्याला अडवतो.

बॅकअप आहे असं म्हणणं वेगळं. तो रिकाम्या सर्व्हरवर उतरवून साइट उभी राहिली, तरच आहे म्हणा.

बीटा कधी संपलं, याची माझी अट साधी: सलग दोन आठवडे पैसे किंवा दुहेरी बुकिंग यांबाबत एकही नवीन बग नाही. रंग, फॉन्ट, स्पेलिंग यांसाठी थांबू नका, नाहीतर आणखी दोन वर्षं जातील.

अ‍ॅपचं अपडेट प्ले स्टोअरवर आधी ५-१० टक्के लोकांनाच सोडा. बिघाड दिसला तर रोलआउट थांबवता येतो, पण ज्यांच्याकडे अपडेट पोचलं त्यांना मागे नेता येत नाही. त्यांच्यासाठी जुनाच कोड वरच्या व्हर्जन कोडने (आवृत्तीच्या आकड्याने) पुन्हा सोडावा लागतो, तो बिल्ड तयार असू द्या. बिल्डना नावं देताना ‘बीटा’नंतर टिंब देऊन आकडा लिहा. सलग ‘बीटा२’, ‘बीटा११’ लिहिलं तर सेमव्हर या आवृत्त्यांना क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या नियमाने अकरावा दुसऱ्याच्या आधी लागतो.

पुढे एखादी नवी सोय अर्धवट असेल, समजा स्कूटर भाड्याने देणं, तर ‘बीटा’ फक्त त्या बटणापाशी लिहा आणि ती फीचर फ्लॅगने (कोडमधल्या चालू-बंद करायच्या कळीने) बंद करता येईल अशी ठेवा.

वेळेचं म्हणाल तर चाचणी जून-जुलैत सुरू करा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात एकही टेस्टर उत्तर देणार नाही, तो हिशेबातून वगळा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाटी उतरवा. डिसेंबरच्या मध्यापासून नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मात्र काहीही नवं सोडू नका, पानाचा रंगसुद्धा बदलू नका.