घरी पोचल्यावर चढणारा आवाज

प्रिय मैत्रिणी,

दुपारी एकला जेवलीस की थेट रात्री साडेनऊला जेवतेस, मध्ये फक्त दोन-तीन कप चहा. सातला घरी पोचल्यावर पसरलेली पुस्तकं दिसली तरी मुलावर ओरडतेस, आणि जेवण झालं की लाज वाटून रडू येतं. ‘ताई, मी वाईट आई आहे का?’ असं विचारलंस.

नाहीस गं. तू साडेआठ तास उपाशी राहणारी आई आहेस.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के खातो. रक्तातली साखर उतरू लागली की ती सावरायला शरीर ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं. संकटात सुटणारी संप्रेरकं हीच. म्हणजे दारात पाऊल ठेवतेस तेव्हा भांडायचं कारण नसतं, पण शरीर भांडायच्या तयारीत असतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ६४ जणांनी २१ दिवस आपली भूक आणि मनःस्थिती नोंदवली. भूक वाढली की चिडचीडही वाढत होती.

चहाने भूक मरते, भागत नाही. म्हणून साडेपाचच्या सुमाराला, कामावरून निघण्याआधी, काहीतरी खा. नुसती बिस्किटं नकोत, त्यांचा जोर लवकर ओसरतो. मूठभर दाणे आणि फळ, किंवा उकडलेलं अंडं चालेल. पर्समध्ये आदल्या रात्रीच ठेव. भुकेल्या माणसाला ऐनवेळी काही सुचत नाही. आणि सातला तुझा मुलगाही भुकेलेला असतो, हे लक्षात घे. दोन उपाशी जीव समोरासमोर येतात! त्यालाही आधी खायला दे, पुस्तकं नंतर आवरता येतील.

कधी राहूनच गेलं, तर ‘मला भूक लागलीय, दहा मिनिटांनी बोलू’ असं मोठ्याने सांग. राग कुठून येतोय हे ओळखलं की तो आवरायला सोपा जातो. तरी ओरडलीसच, तर मुलाची माफी माग. भूक हे कारण खरं, पण त्याला लागलेले शब्द त्याने पुसले जात नाहीत.

भुकेने हातपाय थरथरत असतील, घाम फुटत असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधी दाखव.

पंधरा दिवस करून बघ आणि मला लिही. पोट भरलेलं असतानाही राग असाच येत राहिला तर तेही मोकळेपणाने लिही, मग आपल्याला रागाचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

तुझी ताई